कॅल्शियमच्या बाटलीने गाय उभी राहते ती कशी?

प्रश्न : आमची जर्सी गाय तिसऱ्यांदा व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात बसली ती उठेचना. कान गार पडलेले, मान वळवून कुशीला लावलेली. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली. बाटली संपत आली तशी गायीने ढेकर दिली, शेण टाकलं आणि तासाभरात ती उठून चारा खाऊ लागली. शाळेत आम्हाला कॅल्शियम हाडांसाठी आणि दातांसाठी, एवढंच शिकवलंय. तासाभरात हाडं काही मजबूत झाली नसतील. मग कॅल्शियमने केलं काय?
(इयत्ता अकरावीतील विद्यार्थिनी, जि. सांगली)

उत्तर : तुझी शंका अगदी रास्त आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडादातांत असतं, म्हणून पाठ्यपुस्तकं तिथेच थांबतात. तुमची गाय उठली ती उरलेल्या एक टक्क्याच्या करामतीमुळे. हे कॅल्शियम बांधकामाला लागत नाही, ते निरोप पोचवतं. स्नायू आखडायचा असो, स्वादुपिंडाने पाचकरस सोडायचा असो, शुक्राणू भेटल्यावर अंडपेशीने विभाजनाला लागायचं असो, नाहीतर जंतू आलेत हे कळल्यावर पांढऱ्या पेशींनी आपली संख्या वाढवायची असो, या सगळ्यांत मधला निरोप्या हाच.

आधी गोठ्यातला हिशेब पाहू. गायीच्या पहिल्या चिकात लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. दहा लिटर चीक काढला तर वीस-बावीस ग्रॅम कॅल्शियम एका धारेत बाहेर गेलं. तिच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून कॅल्शियम असतं जेमतेम अडीच-तीन ग्रॅम! ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून निघते, पण ती यंत्रणा पुरती चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पहिलारू कालवडीला सहसा हा त्रास होत नाही. तिसऱ्या वेतापुढच्या, भरपूर दूध देणाऱ्या गायींना होतो, आणि जर्सीला जास्तच. एरवी रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते पाचाच्या आसपास किंवा त्याखाली घसरलं की गाय बसते.

बसते, कारण मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो; मध्ये अतिशय अरुंद फट असते. तंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात. विजेची लहर टोकापर्यंत आली की तिथल्या पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि ते आत शिरलं तरच पिशव्या फुटून रसायन फटीत पडतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. गायीच्या बाबतीत लहर आली, दारंही उघडली, पण बाहेरच कॅल्शियमचा दुष्काळ. पायांचे स्नायू धडधाकट असूनही त्यांना हुकूमच मिळाला नाही. कोठीपोटाच्या स्नायूंचंही तेच झालं, म्हणून ढेकर आणि शेण दोन्ही थांबलं होतं. रक्तात कॅल्शियम आल्याबरोबर निरोप पुन्हा जाऊ लागले. त्यात काही दुरुस्त व्हायचं नव्हतंच, म्हणून गाय इतक्या झटपट उठली.

डॉक्टर बाटली हळूहळू सोडत होते आणि मध्येमध्ये छातीला स्टेथोस्कोप लावत होते, हेही तू पाहिलं असशील. हृदयाचा स्नायू कॅल्शियमच्या बाबतीत फार हळवा. बाटली घाईने शिरेत गेली तर ठोके बिघडतात आणि गाय जागीच दगावू शकते. हे काम घरच्या घरी करू नये. आणखी एक गोष्ट घरी जरूर सांग. गाय व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत तिला कॅल्शियम पाजत राहण्याची अनेक गोठ्यांत पद्धत आहे. त्याने बहुधा उलटंच होतं. आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढणारी यंत्रणा सुस्तावते आणि ऐन वेळी कामाला येत नाही. त्या दिवसांत काय चारायचं हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

आता खरा गमतीचा भाग. शरीरात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, मॅग्नेशियम आहे. मग निरोप्याचं काम कॅल्शियमकडेच कसं आलं?

पेशी आपला ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालवते. एटीपी या रेणूतल्या फॉस्फेटच्या बंधांत ती ऊर्जा साठवते. आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो, ज्यापासून आपली हाडं बनतात. हाडात ही गोष्ट सोयीची, पेशीच्या आत मरणाची. त्यामुळे अगदी जीवाणूसुद्धा आत शिरलेलं कॅल्शियम सतत बाहेर फेकत असतात. आपल्या पेशींच्या पडद्यात त्यासाठी प्रथिनांचे पंप बसवलेले आहेत. काही पंप कॅल्शियम पेशीबाहेर टाकतात, काही ते पेशीतल्याच एका बंदिस्त कोठारात भरतात. हे पंप रात्रंदिवस चालतात आणि एटीपी खातात. याचा परिणाम असा की पेशीबाहेर जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याचा दहा हजारावा हिस्साच आत असतो. मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवर जी बारीक बोंडं असतात, त्यांतल्या एखाद्या चिमुकल्या बोंडात तर शांत असताना मोकळे कॅल्शियम आयन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

इतकी रिकामी जागा असल्यावर थोडंसं दार उघडलं तरी आतली पातळी पाहता पाहता दहापट होते. सोडियमचं असं होत नाही, कारण ते आत आधीच पुष्कळ असतं. थोडं आणखी आलं तर पेशीतल्या प्रथिनांना पत्ताही लागत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. कॅल्शियम या मूलद्रव्यात निरोप देण्याचा काही जादूचा गुण नाही. पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर ठेवते आणि त्यातून जी शांतता तयार होते, तिच्यामुळे कॅल्शियमच्या येण्याला अर्थ मिळतो. निरोप देऊन झाल्यावर पुन्हा शांतता करण्याचा खर्चही आलाच. स्नायू सैल पडायलासुद्धा ऊर्जा लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होतं ते त्यामुळेच: एटीपी संपतं, पंप बंद पडतात, कोठारातलं कॅल्शियम गळून स्नायूंचे धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांना सोडवायलाही एटीपी उरलेलं नसतं.

हे कळायला माणसाला चांगली ऐंशी वर्षं लागली आणि सुरुवात झाली ती लंडनच्या नळाच्या पाण्याने. १८८२ च्या सुमारास डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते पाहत होते. ते छान धडधडत होतं. नंतर लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाण्यात केलं, तर हृदय थोड्याच वेळात थंडावलं. लंडनचं पाणी जड. त्यातला कॅल्शियमचा अंश हृदयाला चालता ठेवत होता. रिंगरनी १८८३ साली हे सगळं जसं घडलं तसं छापलं. दवाखान्यात सलाइनच्या स्टँडवर 'आरएल' म्हणून जी बाटली टांगतात, तिच्यातला आर म्हणजे हेच रिंगर आणि त्या बाटलीत आजही थोडं कॅल्शियम असतं.

एवढं होऊनही साठेक वर्षं कोणी पुढचं विचारलं नाही, म्हटलं तरी चालेल. १९४७ साली अमेरिकेत लुईस हाइलब्रुन यांनी स्नायूच्या तंतूंत एकेक क्षार सुईने सोडून पाहिला. तंतू आखडला तो फक्त कॅल्शियमने. तरी जीवरसायनवाल्यांना ते पटेना. स्नायूसारखं गुंतागुंतीचं यंत्र एखादं तसंच गुंतागुंतीचं रसायन चालवत असणार, साधा चुनखडीतला आयन नव्हे, असा त्यांचा ग्रह होता. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात स्नायूतलं कॅल्शियमला पकडणारं प्रथिन, ट्रोपोनिन, शोधून काढलं तेव्हा हा वाद मिटला. (हार्ट अॅटॅकची शंका आली की रक्ताची जी 'ट्रोपोनिन टेस्ट' करतात ती याच ट्रोपोनिनच्या घटकांची. हृदयाच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतात.)

पण पेशीत कॅल्शियम येतंय-जातंय हे डोळ्यांनी पाहायचं कसं? त्याचं उत्तर एका जेलीफिशने दिलं. ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, जेलीफिश का चमकते याचा छडा लावत होते. हजारो जेलीफिश गोळा करून त्यांच्या कडा कापायच्या, पिळायच्या आणि अर्क काढायचा, असा उद्योग. असाच एक अर्क त्यांनी कामाचा नाही म्हणून बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या प्रकाशाने लखलखलं. मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी त्या बेसिनमध्ये वाहून येत होतं आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. कॅल्शियम भेटलं की चमकणारं ते प्रथिन म्हणजे इक्वोरिन. १९६७ मध्ये ते समुद्रखडकांवर चिकटून राहणाऱ्या बार्नेकलच्या जाड स्नायूत टोचलं गेलं. तंतू आखडायच्या क्षणभर आधी त्यातून प्रकाश निघाला! पुढे रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमला चिकटल्यावर रंग बदलणारी कृत्रिम रसायनं बनवली. १९८५ चं फ्युरा-२ तर जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, त्सिएन आणि मार्टिन चॅल्फी यांना मिळालं ते त्याच जेलीफिशमधल्या दुसऱ्या एका, हिरव्या प्रथिनासाठी.

डोळ्यांना दिसू लागल्यावर जे समोर आलं ते भलतंच होतं. पेशीत कॅल्शियम नुसतं वाढून राहत नाही. ते ठोक्यांनी येतं, लाटांनी पसरतं. शाळेच्या घंटेचं उदाहरण घे. घंटा एकच, टोलाही तोच, पण एक टोला पडला तर तास बदलला आणि घणघण वाजत राहिली तर शाळा सुटली. शिवाय त्याच टोल्याने वर्गातली मुलं वही मिटतात आणि स्वयंपाकघरातली खिचडी उतरते. पेशीतही ठोके किती वेळाने पडतात आणि ऐकणारं प्रथिन कोणतं आहे, यावर अर्थ ठरतो. अंडपेशीचं पाहा. शुक्राणू आत शिरताना एक एंझाइम घेऊन येतो. त्याने अंडपेशीचं कॅल्शियमचं कोठार उघडतं आणि काही मिनिटांच्या अंतराने, कित्येक तास, कॅल्शियमच्या लाटा उठत राहतात. ते एंझाइम सदोष असलं तर शुक्राणू आत जाऊनही गर्भ धरत नाही. आता टेस्ट-ट्यूब बेबी केंद्रांत अशा निवडक जोडप्यांसाठी अंडपेशीत कॅल्शियम कृत्रिमरीत्या वाढवून पाहतात.

कोठार उघडणारी किल्ली १९८३ मध्ये केंब्रिजचे मायकेल बेरिज आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी ओळखली: आयपी-३ नावाचा एक छोटा रेणू. ती किल्ली ज्या कुलपाला लागते ते बिघडलेल्या फळमाश्या उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत गैती हसन यांच्या गटाने दाखवलं.

ऐकणाऱ्या प्रथिनांत सगळ्यात सर्वत्र आढळणारं म्हणजे कॅल्मोड्युलिन. १४८ अमिनो आम्लांची छोटी साखळी. चार कॅल्शियम आयन पकडले की ती आपला आकार बदलते आणि पुढच्या एंझाइमला जाऊन बिलगते. तुझ्यातलं कॅल्मोड्युलिन आणि गोठ्यातल्या गायीचं कॅल्मोड्युलिन अमिनो आम्लागणिक तंतोतंत एक आहे, एकाचाही फरक नाही. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने त्याला हात लावला नाही. ज्यात सुधारणेला वाव नाही आणि बदल केला तर जगणं कठीण, अशा गोष्टी फार थोड्या असतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमसची गोळी रोज घ्यावी लागते. ती कॅल्शियमच्या निरोपाच्या साखळीतला कॅल्मोड्युलिनपुढचा दुवा अडवते. पांढऱ्या पेशीत कॅल्शियमचा निरोप येतो, पण त्यावर कारवाई होत नाही आणि नवं मूत्रपिंड वाचतं.

प्रश्न : लाजाळूला ना मज्जातंतू, ना स्नायू. तरी एका पानाला हात लावला की शेजारची पानंही मिटतात. तिथेही कॅल्शियमच का?
(डिचोली, गोवा)

उत्तर : हो, तिथेही. जगदीशचंद्र बोस यांनी शंभरेक वर्षांपूर्वी कोलकात्यात नाजूक यंत्रं बनवून लाजाळूत विजेचा संदेश धावतो हे दाखवलं होतं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन लाजाळूच्याच पेशींत घालून चित्रण केलं. पान दुखावलं की कॅल्शियमची लाट विजेच्या लहरीबरोबर पुढे सरकते, पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यात पोचते आणि त्यानंतर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात सांधा हलतो. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पाणी बाहेर पडतं, म्हणून पान मिटतं. ज्या लाजाळूंची पानं मिटतच नव्हती ती टोळांनी जास्त खाल्ली, हेही त्यांनी पाहिलं. न लाजणाऱ्या झाडांतही ही सोय आहे. मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यावर अळी बसली की कुरतडलेल्या पानातून कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत जाते आणि ती पानं अळीला न मानवणारी रसायनं आधीच तयार करू लागतात.

प्रश्न : मी रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेतो. ते 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' आहे असं वाचनात आलं. मग माझ्या हाडांना कॅल्शियम मिळणार नाही का? दूध घेऊन उपयोग नाही, असं एका स्नेह्यांनी सांगितलं.
(सेवानिवृत्त, पुणे)

उत्तर : स्नेह्यांची काळजी खरी, निष्कर्ष चुकीचा. या गोळीने जे 'चॅनेल' अडतं ते पोटात किंवा हाडांत कॅल्शियम नेणारं नव्हे. रोहिण्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचा थर असतो. त्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की त्या आखडतात, रोहिणी अरुंद होते आणि दाब वाढतो. अॅम्लोडिपिन या पेशींची कॅल्शियमची दारं काही अंशी बंद ठेवतं. भिंत सैलावते, दाब उतरतो. काहींचे पाय या गोळीने सुजतात तेही रक्तवाहिन्या सैलावल्यामुळेच. तसं झालं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

या औषधांचं मूळ १९६०च्या दशकातल्या फ्रायबुर्गमध्ये आहे. आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी पाहिलं की वेरापामिल हे औषध दिलेल्या हृदयाची स्थिती कॅल्शियम काढून घेतलेल्या हृदयासारखी होते, आणि कॅल्शियम वाढवलं की ते पुन्हा जोर धरतं. त्यांनी तपासलेलं ते हृदय रिंगरच्या बेडकाच्या हृदयासारखंच वागत होतं, फरक इतकाच की इथे कॅल्शियम बाहेर असूनही आत जाऊ शकत नव्हतं.

रक्तातली कॅल्शियमची पातळी तुमच्या गोळीने बदलत नाही. गळ्यातल्या चार चिमुकल्या परावटू ग्रंथी ती पातळी राखतात. कमी पडलं तर हाडांतून काढून, मूत्रपिंडातून वाचवून. याच कारणाने कॅल्शियमच्या जादा गोळ्या घेऊन मज्जातंतू किंवा बुद्धी तल्लख होईल ही आशाही धरू नये. पेशीत किती कॅल्शियम जायचं हे पेशी ठरवते, औषधाचं दुकान नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या हाडांसाठी जरूर घ्या.

दूध, ताक, नाचणी, तीळ सगळं चालू ठेवा. अॅम्लोडिपिनही चालू ठेवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.